दुष्काळ शेजारच्या गावात होता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

१९३७ सालच्या उत्तरार्धात आयर्लंडमधल्या प्राथमिक शाळांत एक निराळाच उपक्रम सुरू झाला. वरच्या इयत्तांतल्या, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना सांगण्यात आले की, आता निबंधाच्या तासाला नेहमीचे निबंध लिहायचे नाहीत. घरी जा, आजी-आजोबांजवळ बसा, घरात कोणी वडीलधारे नसेल तर शेजारच्या म्हाताऱ्याला गाठा, आणि ते जे सांगतील ते वहीत उतरवून आणा. काय विचारायचे याची यादी शिक्षकांकडे दिलेली होती. गावातल्या पवित्र विहिरी, घरगुती औषधे, लग्नाच्या चालीरीती, लोहाराची भट्टी, वादळे, भुतेखेते. आणि या यादीत एक विषय होता, दुष्काळाचा काळ.

हा उपक्रम होता आयरिश लोकसाहित्य आयोगाचा. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाचे संचालक होते जेम्स डेलार्गी, आणि मुलांसाठीची प्रश्नांची पुस्तिका तयार केली होती आयोगाचे दप्तर सांभाळणाऱ्या शॉन ओ सूलिव्हान यांनी. सुमारे पाच हजार शाळांनी भाग घेतला. मुलांच्या वह्या आणि त्यांतून निवडून पक्क्या बांधणीच्या खंडांत उतरवलेला मजकूर, असा सगळा मिळून सुमारे ७ लाख ४० हजार पानांचा संग्रह उभा राहिला. आज तो इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो. मुलांचे वळणदार अक्षर आता टंकलिखित करण्याचे काम शेकडो स्वयंसेवक करत आहेत. आयरिश भाषेत त्यांच्या या कामाला जो शब्द वापरला आहे, तो मूळचा शेतीतला. सुगीच्या दिवसांत शेजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतात जाऊन काम उरकायचे, त्याला तिकडे 'मेहल' म्हणतात. आपल्याकडची सावड ती हीच.

या वह्यांतला दुष्काळाचा भाग वाचू लागले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. तीच आज मला तुम्हांला सांगायची आहे.

आधी दुष्काळाविषयी थोडेसे. सप्टेंबर १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर एक रोग आला. बुरशीसारख्या एका सूक्ष्म जिवामुळे होणारा हा करपा. पाने काळी पडत आणि जमिनीतला बटाटा कुजून जाई. त्या वेळी आयर्लंडमधली सुमारे तीस लाख माणसे जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होती. कष्टकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे, आणि त्याबरोबर ताक मिळाले तर ताक. धान्य पिकत होते, पण ते खंड भरण्यासाठी होते, खाण्यासाठी नव्हते. १८४५ मध्ये पिकाचा साधारण तिसरा हिस्सा गेला. १८४६ मध्ये जवळजवळ सगळेच गेले. १८४७ मध्ये रोग कमी होता, पण लावायला बियाणेच उरले नव्हते. १८४८ मध्ये रोग पुन्हा आला. १८५२ पर्यंत हे चालले. १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५२ हजार भरली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली.

आयरिश भाषेत या काळाला दोन नावे आहेत. एक 'गोर्ता मोर', म्हणजे मोठी उपासमार. हे नाव पुस्तकांत जास्त आढळते. खेड्यापाड्यांत मात्र म्हणत 'ड्रोखहील'. वाईट आयुष्य, वाईट दिवस. त्या नावात दुष्काळ हा शब्दसुद्धा नाही.

१९३७ मध्ये जो म्हातारा ऐंशी वर्षांचा होता, त्याने स्वतः दुष्काळ पाहिलेला नव्हता. पण त्याच्या आई-वडिलांनी तो पाहिला होता. म्हणजे नातवंडांच्या वहीत जे उतरले, ते फक्त एका पिढीचे अंतर कापून आलेले होते. आणि हा म्हातारा काय सांगतो? कितीतरी ठिकाणी तो सुरुवातच अशी करतो की, आमच्या वाडीत तसा फारसा त्रास झाला नाही. डोंगरापलीकडे मात्र फार वाईट होते. त्या डोंगरापलीकडच्या शाळेतली वही काढावी, तर तिथला म्हातारा म्हणतो, इथे लोक कसेबसे निभावले, खाडीच्या पलीकडे माणसे रस्त्यावर पडली होती. १९४५ मध्ये दुष्काळाला शंभर वर्षे झाली तेव्हा आयोगाने मोठ्या माणसांसाठी एक स्वतंत्र प्रश्नावली देशभर पाठवली. तिच्या उत्तरांतही हाच सूर पुष्कळ ठिकाणी आहे. दुष्काळ जणू सदैव शेजारच्या गावात होता.

हे वाचून पहिल्यांदा वाटते, लोक विसरले असतील. पण पुढे वाचत गेले की ते विसरलेले नाहीत हे कळते. कोणत्या वळणावर कोण मरून पडले होते, कोणत्या शेताच्या कोपऱ्यात पुरले, कोणत्या पडक्या घराला शेवटी दार लावले गेले, हे सगळे त्यांना ठाऊक आहे. घर ही या आठवणींतली एक ठळक जागा आहे. तापाने घरातली माणसे एकामागून एक गेली की शेवटचे उरलेले माणूस आतून दार लावून घेई, म्हणजे आपल्याला या अवस्थेत कोणी पाहू नये. मग शेजारी आत जायला धजत नसत. ते बाहेरूनच छप्पर आणि भिंती आत पाडत, आणि तेच त्या कुटुंबाचे थडगे होई. बाप मेला म्हणून त्याला पाठीवर बांधून दफनभूमीपर्यंत एकट्याने चालत गेलेल्या मुलाची गोष्ट, नवऱ्याला असेच नेणाऱ्या बायकोची गोष्ट, अनेक जिल्ह्यांत सांगितली जाते. दक्षिणेकडच्या स्किबरीनसारख्या भागात तळाला बिजागरी लावलेली शवपेटी असे. पेटी खड्ड्यावर न्यायची, तळ उघडायचा, प्रेत खाली पडले की तीच पेटी पुढच्यासाठी परत आणायची. स्किबरीनजवळच्या ॲबीस्ट्रूरी दफनभूमीत अशा खड्ड्यांत आठ ते दहा हजार माणसे पुरलेली आहेत. ज्या समाजात मयताला रात्रभर सोबत करण्याची रीत होती, पेटी म्हणजे मेलेल्या माणसाची अब्रू होती, त्या समाजाला ही बिजागरी विसरता आली नाही.

मग 'आमच्याकडे नव्हते' असे का म्हणायचे? मला वाटते, त्याचे उत्तर या आठवणींतल्या लाजेत आहे.

काय खाल्ले, हे पाहा. वह्यांतून याद्याच्या याद्या येतात. खाजकुइलीसारखी अंगाला झोंबणारी रानपाने, शेतातली रानमोहरी, समुद्रकाठचे शेवाळ, खडकाला चिकटलेले शिंपले. गाईची शीर कापून काढलेले थोडे रक्त पिठात कालवून शिजवलेले. गवत खाऊन तोंडे हिरवी झालेली माणसे. यातले बरेचसे पदार्थ तसे गरिबांना माहीतच होते. पण पुढे कितीतरी वर्षे किनाऱ्यावरच्या गावांत शिंपले वेचून खाणे हे दारिद्र्याचे लक्षण मानले गेले. पोट भरल्यावर ते अन्न ताटात नको झाले, आणि ते आपल्या घरात कधी काळी शिजले होते हे सांगणेही नको झाले.

पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारने नोव्हेंबर १८४५ मध्ये एक लाख पौंडांचा मका अमेरिकेतून मागवला. पिवळ्या रंगामुळे लोक त्याला 'पीलचे गंधक' म्हणू लागले. मका कसा दळायचा, किती शिजवायचा, हे तिथल्या बायकांना ठाऊक नव्हते. अर्धकच्चे खाऊन पोटे बिघडली. पुढे सरकारने दुष्काळी कामे काढली. मार्च १८४७ मध्ये या कामांवर सात लाखांहून अधिक माणसे होती. दिवसाला आठ ते दहा पेन्स मजुरीवर खडी फोडायची आणि रस्ते करायचे. त्यांतले काही रस्ते डोंगरावर चढतात आणि मध्येच संपतात. आजही ते दिसतात. सरकारी कागदांत या कामांचा हिशेब आहे. गावाच्या आठवणीत त्या रस्त्यावरचा मुकादम आहे. हजेरीला उशीर झाला म्हणून नाव खोडणारा, ओळखीच्या माणसाला काम देऊन विधवेला परत पाठवणारा. इतिहासाची पुस्तके लंडनच्या धोरणाला दोष देतात, आणि तो दोष खरा आहे. पण खेड्यातल्या आठवणींत लंडन फार दूर असते. तिथे राग असतो तो जमीनदाराच्या कारभाऱ्यावर, उधारीत जमीन गिळणाऱ्या दुकानदारावर, मुकादमावर. म्हणजे ज्याचा चेहरा माहीत होता त्याच्यावर.

१८४७ मध्ये कामे बंद करून सरकारने अन्नछत्रे उघडली. जुलै १८४७ मध्ये त्यांत रोज सुमारे तीस लाख लोकांना शिजवलेले अन्न मिळत होते. ती चालू राहिली असती तर कितीतरी जीव वाचले असते. पण सप्टेंबरपर्यंत ती बंद झाली आणि सगळा भार कंगाल झालेल्या गरीबघरांवर टाकला गेला. गावाच्या आठवणीत मात्र या सुपाची वेगळीच कथा आहे. काही प्रोटेस्टंट प्रचारकांनी कॅथलिक गरिबांना धर्म बदलण्याच्या अटीवर सूप दिले. असे प्रकार किती झाले यावर अभ्यासकांत वाद आहे. सर्वत्र ते झाले नाहीत हे नक्की. पण 'सूप घेतलेले घराणे' ही शिवी पुढच्या तीन-चार पिढ्या टिकली. ज्याने उपाशी मुलासाठी सूप घेतले तो मेला, त्याचा मुलगा मेला, तरी शेजाऱ्याच्या तोंडी ते नाव राहिले. याउलट क्वेकर पंथाच्या लोकांनी कोणतीही अट न घालता अन्न दिले, आणि त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्या काळातली लोखंडी काहिली काही गावांनी स्मारक म्हणून जपून ठेवली आहेत.

राणी व्हिक्टोरियाने दुष्काळासाठी फक्त पाच पौंड दिले, ही गोष्ट आयर्लंडमध्ये सगळ्यांनाच माहीत असते. ती खरी नाही. राणीने दोन हजार पौंड दिले होते. लोकस्मृतीतल्या आकड्याला हिशेब म्हणून किंमत नाही, पण लोकांना काय वाटले याचा तो पुरावा आहे. राज्य करणाऱ्याकडून आपल्याला काय मिळाले असे त्यांना वाटत होते, तर पाच पौंड. जाता जाता सांगायला हवे की, हिशेबाच्या वह्यांत आपल्या देशाचीही एक नोंद आहे. जानेवारी १८४६ मध्ये कलकत्त्याला आयर्लंडसाठी मदतनिधी सुरू झाला. त्यात सुमारे १४ हजार पौंड जमले. मुंबईतूनही वर्गणी गेली. कंपनी सरकारच्या फौजेतले आयरिश सैनिक देणाऱ्यांत होते, तसे हिंदी लोकही होते.

आता सर्वांत अवघड भाग. १८४७ च्या जूनमध्ये कायद्यात एक कलम आले. ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे, त्याला ती सोडल्याशिवाय सरकारी मदत मिळणार नाही. लोकांपुढे दोनच वाटा उरल्या. जमीन सोडायची, किंवा जमिनीवर बसून मरायचे. शिवाय खंड थकला म्हणून घराबाहेर काढलेले वेगळेच. १८४९ ते १८५४ या काळात पोलिसांच्या नोंदींप्रमाणे सुमारे अडीच लाख माणसांना कायमचे बेघर करण्यात आले. दुष्काळापूर्वी आयर्लंडभर पसरलेली एक ते पाच एकरांची शेते दुष्काळानंतर झपाट्याने कमी झाली, आणि तीस एकरांच्या वरची वाढली.

ही वाढलेली शेते कोणाची? काही जमीनदारांची, पण सगळी नव्हेत. पुष्कळशी शेजाऱ्यांची. ज्याच्या घरात चार पैसे होते, एखादी गाय होती, त्याने बाजूचा रिकामा झालेला तुकडा खंडाने घेतला. कुंपण काढले, पडक्या घराचे दगड गोठ्याला लावले. त्याने काही गुन्हा केला असे म्हणता येणार नाही. त्यालाही जगायचे होते. पण १९३७ मध्ये त्याचा नातू त्याच घरात राहत होता, त्याच शेतात बटाटे लावत होता, आणि त्याचा पणतू शाळेत वही घेऊन बसला होता. त्या वहीत काय लिहायचे? ती वही गुरुजी वाचणार, गुरुजी त्याच गावचे. म्हणून 'डोंगरापलीकडे' हा शब्द येतो. काही वह्यांत जमीन बळकावणाऱ्या माणसाची गोष्ट सविस्तर आहे. त्याचे घराणे पुढे कसे निर्वंश झाले, तेही आहे. बहुधा त्याचे नाव मात्र नसते.

याच लाजेतून दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी आल्या असाव्यात. घरात शेवटचे मूठभर पीठ आहे, दारात भिकारी येतो, घरची बाई ते त्याला देते, आणि परत येऊन पाहते तो पेटी पिठाने भरलेली. अशा गोष्टी या संग्रहात भरपूर आहेत. आपल्याला थाळीची गोष्ट माहीत असल्याने त्या परक्या वाटत नाहीत. पण त्या वाचताना मनात येते की, चमत्कार सांगावा लागला, कारण दार उघडणे त्या दिवसांत इतके अवघड झाले होते. अतिथीला विन्मुख पाठवायचे नाही, ही तिथल्या खेड्यांची जुनी रीत होती. तापाच्या भीतीने आणि भुकेने ती मोडली. ज्या घराने दार उघडले नाही, त्याच घरात पुढे दार उघडणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली गेली असेल का? पुरावा देता येणार नाही, पण मला तसे वाटते.

पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात डूलॉख नावाचे सरोवर आहे. तिथली हकीकत सांगून मी थांबणार आहे. ३० मार्च १८४९ रोजी लुईबर्ग गावात मदत घेणाऱ्या लोकांची तपासणी व्हायची होती. तपासायला दोन अधिकारी येणार होते. शेकडो माणसे जमली. अधिकारी तिथे न थांबता सुमारे वीस किलोमीटरवरच्या डेल्फी लॉज या शिकारीच्या बंगल्यावर गेले, आणि निरोप आला की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिथे हजर राहा, नाहीतर मदत बंद. उपाशी माणसे रात्रीच्या थंडीवाऱ्यात डोंगरातून चालत निघाली. तिथे पोहोचल्यावर त्यांना काही मिळाले नाही, परत पाठवण्यात आले. परतीच्या वाटेवर सरोवराच्या काठी माणसे पडू लागली.

किती मेली? त्या वेळी तिथल्या वर्तमानपत्रात आलेल्या एका पत्रात वाटेवर सापडलेल्या सात प्रेतांचा आणि घरी न पोहोचलेल्या आणखी नऊ जणांचा उल्लेख आहे. गावची आठवण म्हणते, चारशे. या दोन आकड्यांत खरा कोणता, हे इतिहासकार शोधतील, शोधले पाहिजे. माझे लक्ष दुसरीकडे जाते. मेयोमधल्या म्हाताऱ्यांना इथे 'शेजारच्या गावात' असे म्हणावे लागले नाही. कारण इथे दोषी कोण ते स्पष्ट होते, आणि तो आपल्यातला नव्हता. जिथे लाज नव्हती तिथे आठवण मोकळी झाली, आणि मोकळी झाल्यावर आकडाही वाढला. जिथे लाज होती, तिथे माणसेच गाळली गेली.

१९८८ पासून त्या वाटेवरून दरवर्षी एक पदयात्रा निघते. सरोवराजवळ दगडी स्मारक आहे, आणि त्यावर महात्मा गांधींचे एक वाक्य कोरलेले आहे. दुसऱ्याला अपमानित करून कोणाला आपला सन्मान झाला असे कसे वाटू शकते, असा त्याचा आशय आहे. गांधीजी तिथे कधी गेले नव्हते. लोकांनी आपले दुःख सांगायला त्यांचे वाक्य निवडले.

आयर्लंडमध्ये 'भुकेले गवत' नावाचा एक समज आहे. माळावर एखाद्या ठिकाणी पाय पडला की माणसाला अचानक विलक्षण भूक लागते, अंगातले त्राण जाते आणि तो खाली बसतो. म्हणतात, तिथे दुष्काळात कोणीतरी मरून पडले होते आणि त्याला कोणी पुरले नाही. उपाय एकच. तोंडात लगेच काहीतरी घालायचे. म्हणून जुनी माणसे डोंगरात जाताना खिशात भाकरीचा तुकडा ठेवत, आणि मुलांच्याही खिशात घालत.

त्या वह्या लिहिणारी मुले तगलेल्या माणसांची नातवंडे-पतवंडे होती. जी घरे पूर्ण बसली, त्यांचे नातवंड कोणत्याच शाळेत नव्हते, त्यांची वही नाही. त्यांच्याविषयी जे काही उरले आहे ते शेजाऱ्यांच्या तोंडी, आणि ते थोडे आडून सांगितलेले. मुलाच्या वहीत नाव आले नाही. पण डोंगरात निघालेल्या मुलाच्या खिशात आजीने तुकडा घातला, आणि का घालायचा तेही सांगितले.